मनीचा पान्हा

फराळाच्या ताटाशेजारी उघडून ठेवलेल्या दिवाळी अंकात एका मांजरीच्या दुखण्याची हकीकत कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याचे वाटणे चूक नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस; माझी शाई आजवर माणसांच्याच सुखदुःखांवर खर्ची पडली आहे. पण गेल्या दिवाळीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही, तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांत त्याचे उत्तर असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नाही. मला हा प्रश्न भेटला तो आमच्या माजघरातल्या खाटेखाली, जुन्या लुगड्याच्या घडीवर. म्हणून तिथली हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मनीला आमच्याकडे कुणी आणले नाही. एका पावसाळ्यात पागोळ्या चुकवत ती पडवीत आली आणि राहिली. अंगाने पांढरी, पाठीवर दोन काळे ठिपके, आणि स्वभावाने मोठी मानी. ताटाजवळ घुटमळणे नाही, की पायात येणे नाही. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिने त्या खाटेखाली चार पिले घातली. मी शाळेत चित्रकला शिकवतो. संध्याकाळी वही घेऊन मी त्या चार पिलांची रेखाटने करत बसे. त्या निमित्ताने एक गंमत ध्यानात आली. पिलांचे डोळे उघडायच्या आधीच त्यांनी आपापली जागा ठरवून घेतली होती. मांजरीला बहुधा आठ आचळे असतात, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या. काळे पिलू नेहमी अगदी मागच्या आचळाशी, आणि दोन ठिपकेवाली शेजारी शेजारी. चुकून कुणी दुसऱ्याच्या जागी गेले, की आंधळेपणीच ढकलाढकली सुरू! वर्गात बाकांवरून भांडणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांची आठवण होऊन मला हसू येई.

पिले पाच आठवड्यांची झाली आणि आमच्या घरात दिवाळीपूर्वी भिंतींना रंग द्यायचे ठरले. रंगारी अष्टमीला येणार होता. पिले तोवर खाटेखालून बाहेर पडून घरभर लोळू लागली होती. रंगाच्या डब्यात एखादे पडायचे, या भीतीने म्हणा, किंवा खरे सांगायचे तर आपल्या सोयीसाठी म्हणा, आम्ही चारही पिले एकाच दिवशी देऊन टाकली. दोन माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी गेली, एक वाण्याच्या दुकानात, आणि काळे पिलू दूधवाल्याकडे. सगळी चांगल्या घरी पडली म्हणून आम्ही समाधानाचा सुस्कारा सोडला. मनी त्या वेळी घराबाहेर होती. ती परत आली आणि खाटेखाली गेली. मग कपाटामागे, मग माळ्यावर, मग परसातल्या लाकडांच्या खोपीत. पिलांना बोलावताना मांजरीचा आवाज निराळाच होतो. तो घशातल्या घशात घुमणारा आवाज रात्रभर घरात फिरत होता. रंगाच्या वासाने आम्हांला झोप येत नव्हती, असे आम्ही एकमेकांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या पायाशी येऊन उताणी पडली. असे तिने कधी केले नव्हते. पाहतो तो पोट दोन्ही बाजूंनी तट्ट फुगलेले, आचळे ताठ, हात लावला तर दगडासारखी लागत होती. पिणारे उरले नव्हते आणि दूध दाटले होते.

माझे मन कळवळले. ते खोटे नव्हते. मी गरम पाण्यात पंचा बुडवला, पिळला, तिचे पोट शेकले आणि हलक्या बोटांनी आचळांतून दूध काढू लागलो. आधी ती गुरगुरली. मग थोडे मोकळे वाटले असावे, डोळे मिटून पडून राहिली. एका वाटीत चमचाभर दूध जमा झाले. सकाळ-संध्याकाळ हा क्रम मी चालू ठेवला. आमच्या घरात हिनेही तिच्या बशीत दोन वेळा जास्त दूध आणि मासळीचा तुकडा घातला. बिचारी झुरते आहे, निदान पोटभर खाऊ तरी दे! मी मोकळे करावे आणि चार-सहा तासांनी ते पुन्हा तटतटून भरावे, असे दोन दिवस चालले. मला थकवा येत होता, पण त्या थकव्यात एक गोडी होती. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखा दयाळू माणूस विरळा." मी वरवर नको नको म्हटले, पण ते वाक्य दिवसभर माझ्या कानांत गोड वाजत होते.

वसुबारसेच्या सकाळी मनीने बशीला तोंड लावले नाही. ती खाटेखाली अगदी कोपऱ्यात जाऊन बसली होती. निजली नव्हती, बसली होती. कारण निजवतच नव्हते. मागचे डावे आचळ, म्हणजे काळ्या पिलाची जागा, लालभडक होऊन जांभळटाकडे झुकले होते. अंग तव्यासारखे तापले होते. तिथले थोडे दूध आले ते पिवळसर, रक्ताची रेघ असलेले. मी हात लावताच तिने माझ्या मनगटावर चार ओरखडे उमटवले.

आईने पाहिले आणि म्हणाली, "ताप आहे रे तिला. जीव सगळ्यांचा सारखाच. आपल्या तापाच्या गोळीतली पाव दे दुधातून." मी पॅरासिटामॉलची गोळी फोडली, पाव तुकडा चुरला, बशीत कालवला. मनीने वास घेऊन तोंड फिरवले. मग आम्ही दोघांनी तिला धरून चमच्याने पाजायचा प्रयत्न केला. तिने दात आवळले ते सोडले नाहीत. निसटली आणि कपाटामागे गेली. आई म्हणाली, "हट्टी आहे मेली. राहू दे, रात्री बघू."

त्या संध्याकाळी आई आणि ही शेजारच्या गोठ्यात गेल्या. वसुबारसेला आमच्याकडे गाईची पूजा होते, पण नुसत्या गाईची नव्हे, वासरासह गाईची. त्या दिवशी आई दूधतुपाला शिवत नाही. वासराच्या वाट्याचे ते त्याला मिळावे, असे ती सांगते. मी दारात उभा राहून गोठ्यातले निरांजन पाहत होतो. गाईच्या अंगाला लागून वासरू उभे होते आणि घरात कपाटामागे मनी होती. माझ्या मनात काही निराळेच हलले, आणि मी रात्रीची वाट न पाहता सकाळी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जायचे ठरवले.

धनत्रयोदशीला, धन्वंतरीच्या पूजेच्या दिवशी, वेताच्या टोपलीवर पंचा बांधून मी मनीला रिक्षाने घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताप मोजला, तो १०४ अंशांवर होता. मांजरीचे अंग मुळातच आपल्याहून ऊन असते, साधारण १०१-१०२. तरीही १०४ हा ताप खराच. त्यांनी शांतपणे प्रश्न विचारले. पिले किती? कितव्या आठवड्यात दिली? एकाच दिवशी? पुढे तुम्ही काय केलेत? मी मोठ्या उत्साहाने माझी सेवा वर्णन केली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, रागावू नका. पण तुम्ही दूध काढत राहिलात म्हणून ते येत राहिले."

पुढे त्यांनी समजावून सांगितले ते असे. आचळ रिकामे झाले, की शरीराला वाटते, पिले प्यायली, आणखी हवे. ते भरलेलेच राहिले, की आतल्या दाबाने शरीर हळूहळू ओळखते, आता गरज संपली. आणि दूध आटते. म्हणून पिले तोडताना दूध काढायचे नाही, शेकायचे नाही. उलट थंड पाण्याची घडी ठेवायची, एक-दोन दिवस खाणे थोडे कमी करायचे आणि हात आवरायचा. तोवर आचळे कडक असतात, दुखतात, पण मांजर खातेपिते, हिंडते. चार-पाच दिवसांत सारे ओसरू लागते. खरे तर ही वेळच येऊ नये. पिले साधारण चौथ्या आठवड्यापासून अन्नाला तोंड लावू लागतात. ती आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवावी आणि मग एकेक करून द्यावी, म्हणजे दूध आपोआप उतरत जाते.

"पण आता गोष्ट त्यापुढे गेली आहे," त्या म्हणाल्या. साचलेल्या दुधाला आचळाच्या तोंडातून, किंवा पिलांच्या नखांनी पडलेल्या ओरखड्यातून जंतूंची लागण होते, तेव्हा हे दुखणे होते. मग नुसती गाठ राहत नाही; ताप चढतो, दुधात पू आणि रक्त येते, आत गळू धरते, आणि दुर्लक्ष झाले तर कातडी काळीनिळी पडून सडते. पिले अंगावर असताना हे झाले, तर त्याची पहिली खूण पुष्कळदा पिलांतच दिसते. ती सारखी रडतात, वजन धरत नाहीत, कारण आई त्यांना जवळ येऊ देत नाही. अशा वेळी पिलांना पिऊ द्यायचे, की तोडून बाटलीने वाढवायचे, हे आचळाची दशा पाहून ठरवावे लागते. बाटलीने वाढवायचे तर मांजरीच्या पिलांसाठीचे निराळे दूध मिळते, ते द्यावे. गाईचे दूध त्यांना पुरत नाही. मांजरीच्या दुधात त्याहून पुष्कळ जास्त प्रथिने असतात.

त्यांनी इंजेक्शन दिले, औषध लिहून दिले आणि सांगितले, "आता हे एक आचळ मात्र दिवसातून तीन-चार वेळा शेका आणि आतले खराब दूध हलक्या हाताने काढा. बाकीच्यांना हात लावू नका."

मी चक्रावलो. "म्हणजे जे मी करत होतो तेच?"

"तेच. पण आता ते हवे आहे."

मग त्यांनी सहज विचारले, "घरची कसली गोळी तर दिली नाहीत ना?" मी पाव गोळीची हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा बदलला. "प्यायली का?" नाही म्हणताच त्या खुर्चीत टेकल्या. माणसाचे यकृत पॅरासिटामॉल ज्या रीतीने निकामी करून शरीराबाहेर घालवते, ती रीत मांजरीच्या यकृताजवळ जवळजवळ नाहीच. ते औषध तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवते, हिरड्या काळपटतात, श्वास लागतो. एक गोळीही मांजरीला पुरेशी होते. आधीच तापाने खंगलेल्या जिवाला त्याहून कमीही. पिलांच्या मागे झुरणाऱ्या, माझ्या सेवेने आजारी पडलेल्या त्या जिवाला आम्ही प्रेमाने विष पाजत होतो. ती वाचली ती आमच्या शहाणपणाने नव्हे, तिच्या हट्टाने.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताप उतरला. आचळ पूर्ववत मऊ व्हायला दहा दिवस लागले. हकीकत म्हणाल तर एवढीच. आता प्रश्न.

घरी आल्यावर मी सारे सांगितले, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दूध काढायचे नसते, हे मला ठाऊक होते की! तुझे अंगावरचे तोडले तेव्हा चार दिवस छातीत दगड घेऊन हिंडत होते. हात लावला नाही. सासूबाईंनी तसे बजावले होते. मला विचारले असतेस तर सांगितले असते."

वाचकहो, हे वाक्य मला त्या पाव गोळीपेक्षाही जास्त लागले. ते ज्ञान आमच्या घरातच होते. स्वयंपाकघरात करंज्यांना मुरड घालत बसले होते. मी विचारले नाही आणि आईलाही सांगावेसे वाटले नाही; कारण बाईचे दूध आणि मांजरीचे दूध यांचा काही संबंध असेल, हे आम्हां दोघांच्याही मनात आले नाही. जिथे मनी अगदी आमच्यासारखी होती, तिथे आम्ही तिला परकी समजलो. आणि जिथे ती आमच्यासारखी मुळीच नव्हती, तिथे "जीव सगळ्यांचा सारखाच" म्हणून आमची गोळी तिच्या तोंडात कोंबत होतो.

सर्व प्राणिमात्रांना आपल्यासारखे मानावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती थोर आहे. तिच्यावाचून कळवळा उपजतच नाही. पण माझ्या ध्यानात आले, की ती पहिलीच पायरी आहे. दुसरा जीव आपल्यासारखा कुठे आहे आणि कुठे नाही, हे शिकून घेणे ही दुसरी पायरी. आणि तिथे मन लावावे लागते, विचारावे लागते, आपले अज्ञान कबूल करावे लागते. पहिल्या पायरीवर आपले डोळे भरून येतात, लोक दयाळू म्हणतात. दुसरीवर कुणी काही म्हणत नाही. म्हणून बहुतेक माणसे पहिल्या पायरीवरच बसकण मारतात. मीही मारली होती.

आई म्हणते, अजाणता घडले त्याला पाप नाही. तिच्या मायेने ती तसे म्हणते. पण माझे अजाणतेपण कशातले होते? गुरांचा दवाखाना रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. टेलिफोन माझ्या खिशात आहे. मला कळू शकत नव्हते असे नव्हे. मला कळून घ्यायचे नव्हते. का नव्हते, याचा शोध घेताना जे सापडले ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. पिले मीच एका दिवसात, रंगाऱ्याच्या सोयीसाठी, दिली होती. त्या रात्रीचा मनीचा आवाज मला सोसवत नव्हता. शेकणे, दूध काढणे ही मनीची सेवा नव्हतीच; ती माझ्या बोचणीची मलमपट्टी होती. डॉक्टरांकडे गेलो असतो तर पहिलाच प्रश्न आला असता, "पिले एकदम का दिलीत?" तो प्रश्न टाळण्यासाठी मी दोन दिवस दयाळू झालो होतो.

एकदा हे दिसले, की पुष्कळ काही दिसू लागते. माझ्या वर्गात पूर्वी एक मुलगा होता, तो बोलताना अडखळे. मुले हसू नयेत म्हणून मी त्याचे वाक्य स्वतःच पुरे करी. वर्षअखेरीस तो माझ्या तासाला बोलेनासाच झाला. मला वाटले, किती लाजाळू मूल! आज वाटते, त्याचा शब्द ओठांशी दाटलेला असताना मी थोडे थांबायला हवे होते. त्याची ती ओढाताण मला पाहवत नव्हती, म्हणून मी ती काढून घेत होतो.

तर मग हात आवरणे हेच खरे, असे म्हणावे काय? तेही नाही. तेच शेकणे नवमीला चूक होते आणि त्रयोदशीला औषध झाले. कृती तीच, हात तेच. मनातला कळवळाही तोच. बदलली होती ती मनीच्या शरीराची दशा. दयेला नियमांचे पुस्तक पुरत नाही ते यासाठी. तिला दर वेळी समोरच्याकडे नव्याने पाहावे लागते.

आपल्याकडच्या वैष्णव आचार्यांनी मांजरीवरून एक सुंदर न्याय सांगितला आहे. माकडाचे पिलू आईला आपण होऊन बिलगते, मांजरीचे पिलू स्वतः काही करत नाही. आईच त्याला मानगुटीला धरून उचलून नेते. भक्ताने कोणासारखे व्हावे, यावर दक्षिणेत वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ झाले. मार्जारकिशोरन्याय ऐकला की माझे मन नेहमी पिलाच्या निश्चिंतपणावर लुब्ध होई. आता मात्र त्या उचलून नेणाऱ्या मांजरीचे पोट आधी डोळ्यांपुढे येते. पिलाच्या त्या निश्चिंतपणाची किंमत कुणीतरी भरतच असते.

आणखी एक ऐकीव गोष्ट. मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगत. मारण्याचा दंड इतका मोठा ठेवणाऱ्या त्या माणसांनी अर्धवट माहितीच्या मायेला काही प्रायश्चित्त सांगून ठेवलेले मी ऐकले नाही. मी माझ्यापुरते एक ठरवले. ते स्वस्त आहे आणि काशीही लागत नाही. कळवळा आला, की आधी कुणा जाणत्याला विचारायचे, आणि विचारताना आपण काय केले ते लपवायचे नाही.

मनीचे दूध पुरते आटल्यावर काही आठवड्यांनी आम्ही तिचे पिले न होण्याचे ऑपरेशन करून घेतले. त्यावर घरात वाद झाला. आई म्हणाली, तिचे आईपण काढून घेणारे आपण कोण? मला सरळ उत्तर देता आले नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, की मांजर पिले पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आणि लहान वयात, वर्षाच्या आत ऑपरेशन झाले तर पुढे आचळांच्या कर्करोगाचे भय पुष्कळ कमी होते. मनीचे ते वय उलटून गेले होते. तेव्हा तिच्या आचळांवरून महिन्यातून एकदा बोट फिरवायचे आणि तांदळाएवढी गाठ लागली तरी दाखवायला न्यायचे, असे त्यांनी बजावले. कारण मांजरीच्या अशा गाठी बहुतेक वाईटच निघतात. आईला मी एवढेच म्हटले, "वर्षातून दोनदा पिले होतील आणि दोनदा ती आपण कुठेतरी देऊ. दर वेळी ती रात्रभर हाका मारील. ते ऐकायची तुझी तयारी आहे का?" आई काही बोलली नाही. आम्ही दोघेही बरोबर असू, किंवा दोघेही चूक. पण या वेळी निर्णय घेताना आम्ही मनीकडे पाहत होतो, एवढे मात्र खरे.

पुन्हा वसुबारस आली आहे. गोठ्यातून निरांजनाचा वास येतो आहे आणि मनी खिडकीच्या कट्ट्यावर अंग सैल सोडून उताणी निजली आहे. आज महिन्याची तपासणी होती. मी एकेक आचळ बोटाने चाचपून पाहिले. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी नख काढले नाही. माझ्या मनगटावरचे चार ओरखडे अजून पुसट दिसतात. ते तसेच राहिले तर बरे, असे मला वाटते.